एस.टी.च्या वाटेनं लावलेलं कपाट

आमच्या ग्रंथालय संस्थेच्या नव्या दालनात बाईंचा फोटो लावला आहे आणि त्या फोटोत बाई हसताहेत. खोटेपणाला सुरुवात इथूनच होते. बाईंच्या हाताखाली मी नऊ वर्षं नोकरी केली. त्या नऊ वर्षांत त्या हसल्या असतील तर एकदाच, कुणाच्या तरी निरोप समारंभात अध्यक्षांचा माईक ऐन भाषणात बंद पडला तेव्हा. नेमका तोच फोटो उचललाय. शेजारची माणसं कापून बाई तेवढ्या ठेवल्या, वर चंदनाचा हार घातला आणि खाली पितळी पट्टी ठोकली: 'दुर्मिळ आवृत्ती विभागाच्या शिस्तप्रिय शिल्पकार'. पट्टीखाली काचेची पेटी आहे. तिच्यात आमच्या नाटककारांच्या प्रत्येक नाटकाच्या प्रत्येक आवृत्तीची एकेक प्रत आहे, कोरी, स्वच्छ, पानाचा कोपरासुद्धा न दुमडलेली. बाई असत्या तर त्यांनी ती काच फोडली असती. मी रोज सकाळी ती फडक्यानं पुसतो.

आधी नाटककारांचं सांगतो. नगर जिल्ह्याबाहेर त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि जिल्ह्यात ते एका चौकाला दिलंय म्हणून ठाऊक आहे. पण एके काळी इथल्या गावागावांत यात्रेला, शाळेच्या गॅदरिंगला, तरुण मंडळाच्या गणपतीत त्यांचीच नाटकं व्हायची. पातळ पुस्तकं, पिवळट कागद, मध्ये दोन पिना. खपली की पुन्हा छापायची. काही तर त्यांना न विचारताच छापलेली. अशा एका चोरट्या आवृत्तीत छापखानेवाल्यानं कागद वाचवायला तिसऱ्या अंकातला अर्धा प्रवेश गाळलाय आणि नायिका मरते त्याच पानावर दंतमंजनाची जाहिरात टाकलीय. बाईंचा या आवृत्तीवर फार जीव. पुण्याहून कुणी अभ्यासक आला की आधी तीच काढून दाखवायच्या आणि तो हसला की त्याच्यावर खेकसायच्या.

"हसू नका. लोकांनी हे आसंच खेळलंय. ती मेली की एक जण पुढं येऊन जाहिरात वाचायचा आन् मग पडदा पडायचा. छापलंय म्हंजे नाटकातलंच आसंल, आसं वाटायचं त्यांना."

कुठल्याही ग्रंथालयात हे सगळं पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, असं ओळीनं लागलं असतं. बाईंनी ते एस.टी.च्या मार्गानं लावलं होतं. वरचा खण नगर, राहुरी, श्रीरामपूर, पुणतांबा. त्याखाली पाथर्डी आणि शेवगाव. तिसऱ्यात पारनेर. तळाला श्रीगोंदा, कर्जत, जामखेड. प्रत कोणत्या साली छापली याच्याशी बाईंना घेणंदेणं नव्हतं. ती कोणत्या गावात खेळली गेली, एवढंच त्या विचारायच्या. त्यामुळे एखादी प्रत हवी असली तर आवृत्तीचा क्रमांक कामाला यायचा नाही, मधले थांबे पाठ लागायचे. प्रतींना हाकाही गावाच्याच नावानं. "शेवगाव भिजलंय, उन्हात नका ठेवू." "पाथर्डीला वाळवी लागली का बघा." माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "राहुरी खाली पडलीय, उचला," आणि मी पाच मिनिटं नुसता उभा होतो.

एकदा एका प्राध्यापकांनी त्यांना समजावायला घेतलं की मांडणी शास्त्रीय हवी, कालानुक्रमे हवी. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि वरच्या खणातल्या तीन प्रती पुढ्यात ठेवल्या. नाटक एकच, आवृत्ती एकच, गावं तीन. पहिल्या गावाच्या प्रतीत नायिकेचं गाणं खोडून पेन्सिलीनं दुसरंच गाणं लिहिलेलं. पुढच्या गावात तेच दुसरं गाणं, पण दोन ओळी कमी. त्याच्या पुढच्या गावात गाणंच नाही, नुसतं 'इथे पेटी वाजवणे'.

"बदल रस्त्यानं जातो, सर," बाई म्हणाल्या. "ह्या गावचा पाव्हणा त्या गावाला नाटक बघायला येतो, प्रत मागून नेतो, जमंल तसं उतरवून घेतो. तुमच्या सालांच्या ओळीत हे दिसंल का?"

प्राध्यापकांनी वहीत बरंच काही लिहून घेतलं. पुढं त्यांचा निबंध छापून आला. त्यात ही कल्पना होती, तीन गावं होती, पेटीसुद्धा होती, बाईंचं नाव नव्हतं. मी तो बाईंना दाखवला तर म्हणाल्या, "बरं झालं. निदान कळलं तरी त्याला." मला मात्र तो माणूस आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. गेल्या महिन्यात दालनाच्या उद्घाटनाला पाहुणे म्हणून तेच होते.

या प्रती बाईंनी जमवल्या कशा? बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देते, तशा. रविवारी पिशवीत नाटकांच्या नव्या प्रती भरायच्या आणि मिळेल त्या एस.टी.नं गावं गाठायची. नवी द्यायची, जुनी घ्यायची. फाटकं देऊन कोरं मिळतंय म्हटल्यावर गावातली माणसं खूश. पण बाई तेवढ्यावर उठायच्या नाहीत. प्रत देणाऱ्याला समोर बसवून त्याची 'जबानी' घ्यायच्या. शब्द त्यांचाच. कुणी कोणतं काम केलं, कोणतं वाक्य बदललं, का बदललं, पडदा कुणाच्या लुगड्याचा होता. माणूस अडखळला की दरडावायच्या. एका गावात त्यांना चौकशीला आलेल्या सरकारी बाई समजून एकानं 'मी त्या नाटकात नव्हतोच' असं शपथेवर सांगितलं होतं, आणि नंतर कळलं की नायक तोच. बाईंचं स्वतःचं गाव हिवरे बाजारच्या शेजारचं. "तिकडं लोकांनी पाणी अडवलं, मी कागद अडवतीय," असं त्या म्हणायच्या.

जबान्या लांबट कार्डांवर पेन्सिलीनं लिहिलेल्या असायच्या. पेनशी बाईंचं वैर. विभागाच्या दारातच प्रत्येकाच्या खिशातलं पेन काढून डब्यात टाकायच्या आणि हातात पेन्सिलीचं बुटुक द्यायच्या. एकदा त्यांनी तपासणीला आलेल्या साहेबांचंही पेन काढून घेतलं होतं. कार्ड त्या प्रतीत कधीच ठेवायच्या नाहीत, कारण कार्डाच्या कागदाचा डाग पानावर उतरतो. प्रतीवर गावाचं नाव लिहायचं नाही, कारण प्रतीवर आपण काहीच लिहायचं नाही. म्हणजे कार्डं एका ड्रॉवरमध्ये कुलपात, किल्ली बाईंच्या कमरेला, प्रती कपाटात, आणि कोणतं कार्ड कोणत्या प्रतीचं, हे ठरायचं फक्त प्रतीच्या जागेवरून. ती जागा बाईंच्या डोक्यात. संस्थेच्या दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक ज्या वहीत चढतं त्या वहीत, या प्रतींपुढे एवढंच होतं: प्रत दोन, प्रत तीन, प्रत चार.

मी शंभरदा सांगितलं, "बाई, नोंदवहीत शेरा लिहा. मी कॉम्प्युटरवर चढवतो."

"मला विचारा की. मी हाय न्हवं?"

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"तवा तुमी काय इथं माशा मारणार?"

हे त्या चार माणसांसमोर बोलायच्या. याचाही मला आजपर्यंत राग आहे, आणि बाई गेल्या म्हणून तो गिळून टाकावा असं मला वाटत नाही. एवढं मोठं काम माणूस कमरेला बांधून फिरतो आणि वर दुसऱ्यांना मूर्ख ठरवतो, हा शुद्ध माज होता. मला त्या प्रती उचलून ठेवण्यापलीकडं हाताळू द्यायच्या नाहीत. एकदा त्या प्राध्यापकांसमोरच माझ्या हातातून प्रत काढून घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या हाताला भज्याचा वास येतोय. जा, साबणानं धुवा." मी भजी खाल्ली नव्हती. प्राध्यापक खाली बघून हसले. मी बेसिनपाशी जाऊन हात धुतले, कारण माझी नेमणूक अकरा महिन्यांची होती आणि दर वर्षी ती पुढं चालवायला बाईंची शिफारस लागायची.

एके दिवशी बाई किल्ली टेबलावर विसरून जेवायला गेल्या. त्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर भाकरी आणि ठेचा घेऊन बसायच्या, मला अर्धा तास तरी होता. मी ड्रॉवर उघडला. एवढं काय सोनं दडवून ठेवलंय ते एकदा बघावं, एवढाच विचार. हाताला लागलं ते पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावाचं कार्ड, दोन्ही बाजूंनी भरलेलं.

ते नाटक मला माहीत होतं. त्यात एक येसकर आहे, गावाची राखण करणारा, पाटलाचा निरोप पोहोचवणारा, हातात घुंगराची काठी. पाटील त्याच्यावर चोरीचा आळ घेतो. शेवटी आळ खोटा ठरतो, तरी येसकरच आपलं पागोटं पाटलाच्या पायावर ठेवतो आणि म्हणतो, 'मायबाप, पदरात घ्या.' पाटलाला गहिवर येतो आणि पडदा पडतो. आमच्या नाटककारांना हा शेवट फार उदात्त वाटला असणार. त्या गावातल्या बौद्ध वस्तीतल्या तरुणांनी धर्मांतरानंतर काही वर्षांनी हेच नाटक बसवलं, कारण गावात प्रत होती ती याच नाटकाची. त्यांच्या घरांनी येसकरकी तोवर सोडून दिली होती. येसकराचं काम करणारा तेव्हा वीस-बावीस वर्षांचा. बाईंनी त्याची जबानी त्याच्याच शब्दांत उतरवली होती.

'तालमीत म्हनायचो. पाठ हुतं. पन खेळाच्या आदल्या दिशी आय म्हनली, तुजा आज्जा हेच म्हनत मेला, तू बी म्हन. मग म्या पेन्शील घेतली.'

त्यानं चार ओळी खोडल्या आणि वर लिहिलं: 'पाया पडत नाही. काठी पाटलाच्या खुर्चीला टेकवतो. काठी तुमची हाय, आता गाव तुमीच राखा. जातो.' खेळाला पुढं बसलेली माणसं उठून गेली. त्या हंगामात वस्तीतल्या एकालाही गावानं कामावर बोलावलं नाही. कार्डाच्या तळाशी बाईंच्या अक्षरात होतं: 'पुढच्या गावच्या प्रतीत येसकर पागोटं ठेवतो पण बोलत नाही. त्याच्या पुढच्या गावात पागोटं हातातच राहतं. बदल चालत गेला.'

मी कार्ड जागेवर ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली होती तिथं ठेवली. मग वरच्या खणातून थांबे मोजत ती प्रत काढून ते पान पाहिलं. पेन्सिल इतकी दाबून ओढलेली की मागच्या पानावर ओळी उठल्या होत्या. बाईंना यातलं काही कळलं नाही. पण मला त्या दिवसापासून माहीत होतं.

पुढं बाई निवृत्त झाल्या आणि मानद म्हणून रोज येत राहिल्या. तशात संस्थेला दालनासाठी आणि प्रती स्कॅन करण्यासाठी अनुदान मंजूर झालं. कार्यवाहांनी मला बोलावलं. त्यांना नाटकातलं कळत नव्हतं असं नाही, तरुणपणी त्यांनी स्वतः तोंडाला रंग लावला होता, आणि त्याचं मला जास्तच वाईट वाटतं.

"हे बघा, एका आवृत्तीची एक प्रत. सगळ्यात स्वच्छ असेल ती. तीच स्कॅन, तीच दालनात. बाकीच्या दुबार, त्यांचं निर्लेखन करून टाका."

निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करायचं आणि पुस्तक रद्दीत.

"बाईंना विचारायला लागेल," मी म्हणालो.

"बाई आता पदावर नाहीत. आणि या कामातून मोकळे झालात की तुमच्या कायमच्या ऑर्डरचं बघू."

बाईंचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्याला पट्टी, तीन आठवडे घराबाहेर पडायचं नाही, वाचायचं तर मुळीच नाही. मी त्यांना भेटायला गेलो नाही. वेळ नाही, असं स्वतःला सांगितलं. वेळ होता. यादी मी दोन दिवसांत केली. त्रेचाळीस प्रती. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येकीपुढे टाइप केलं, 'खराब. आत लिखाण केलेले.' नियमच असा होता की बाईंनी जिवापाड जपलेली प्रत्येक प्रत त्यात बरोबर सापडत होती आणि एकही कोरी प्रत सापडत नव्हती. पुणतांब्याकडच्या प्रतीपाशी मी थांबलो होतो. चहा आला. तो प्यायलो आणि पुढची ओळ टाइप केली.

नोकरीसाठी केलं, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. ते निम्मं कारण झालं. निम्मं हे, की नऊ वर्षं चार लोकांत ऐकून घेतलेलं मला एकदा कुठंतरी परत करायचं होतं. बाईंना करता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या कपाटाला केलं. यादीखाली मी सही केली आणि तारीखही घातली.

बाई आल्या त्या काळा चष्मा लावून. थेट कपाटाशी गेल्या. वरच्या खणात आवृत्तीच्या क्रमानं सात-आठ स्वच्छ प्रती उभ्या होत्या, बाकी लाकूड. बाईंनी बोट फळीवरून फिरवत नेलं आणि पुटपुटल्या, "राहुरी. देवळाली. श्रीरामपूर." त्यापुढं बोट थांबलं. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होतो; खरं तर मला ते हवं होतं, उत्तरं तयार होती. बाई वळून एवढंच म्हणाल्या, "टेम्पो कुणाचा हुता?"

रद्दीचं गोडाऊन एमआयडीसीच्या रस्त्याला. मालक सज्जन माणूस, त्यानं आम्हाला गोण्या सोडू दिल्या. तीन दिवस बाई त्या धुळीत बसून होत्या. डॉक्टरांनी धूळ वर्ज्य सांगितलेली. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते पदरानं टिपायच्या आणि पुढची गोणी ओढायच्या. एकोणीस प्रती मिळाल्या. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "बाई, जाड पुस्तकं आमी बाजूला काढतो, त्येला गिऱ्हाईक असतं. पातळ माल डायरेक गठ्ठ्यात जातो. पयला गठ्ठा सोमवारीच पेपर मिलला गेला." पुणतांब्याकडची प्रत पहिल्या गठ्ठ्यात गेली होती.

त्या एकोणीस प्रती घेऊन बाई संस्थेत आल्या तेव्हा कार्यवाहांनी सांगितलं की एकदा निर्लेखन झालेलं पुस्तक परत दाखल करता येत नाही, तशी तरतूद नाही. बाईंनी हवं तर देणगी म्हणून अर्ज करावा, समिती विचार करेल. पंचवीस वर्षं गावोगाव उन्हात हिंडून आणलेल्या प्रती बाईंनी याच संस्थेला देणगी म्हणून द्यायच्या, आणि घ्यायच्या की नाही याचा विचार समितीनं करायचा. लाज कशाशी खातात हे आमच्या समितीला कुणीतरी शिकवायला हवं. बाईंनी पिशवी उचलली आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला, "पुणतांब्याच्या रस्त्याला जायचंय. मला अजून पाट्या वाचता येत न्हाईत. सोबत चला."

श्रीरामपूरला गाडी बदलून आम्ही गेलो. ज्यांनी येसकराचं काम केलं होतं ते बाबा आता ऐंशीच्या पुढचे, शुगर फॅक्टरीतून रिटायर झालेले. दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"जय भीम, बाबा," बाई म्हणाल्या.

"जय भीम. या बाई. डोळ्याला काय झालं?"

"ऑपरेशन. बाबा, तुमची प्रत गेली. रद्दीत गेली. शोधली, न्हाई सापडली."

हे सांगताना त्यांनी ना पाणी मागितलं, ना प्रस्तावना केली. सूनबाईंनी आणलेला चहा आमच्या हातात तसाच. बाबांनी खुर्ची बाईंकडं वळवली.

"तुमी म्हनला हुता, आमच्याकडं ऱ्हाईल तर कपाटात ऱ्हाईल. म्हनून दिली."

"व्हय. म्हणले हुते."

"आमच्यात ती पत्र्याखाली चाळीस वर्सं ऱ्हायली, बाई. दोनदा पत्रा उडाला. एकदा गोदागंगेचं पानी आत आलं, तवा मंडळीनं आधी पोरं उचलली, मग ह्या पुस्तकाची पेटी उचलली. तुमची तर शिमिटाची बिल्डिंग. तिथं कोनचा पूर आला हुता?"

बाबांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे तो ऐकवत नव्हता.

"कुनी टाकली?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तुमी सोता?"

"त्या प्रतीत काय हाय, ह्याची नोंद मी संस्थेच्या वहीत करायची हुती. केली न्हाई. म्हंजे मीच टाकली."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "आन् हे कोन?"

"आमच्या हापिसातले. सोबतीला आलेत."

मी चहा प्यायलो. माझ्या आयुष्यात इतका वाईट चहा मी प्यायलेलो नाही, आणि तो चांगला केलेला होता.

बाईंनी पिशवीतून नाटकाची नवी प्रत काढली, ते शेवटचं पान उघडलं आणि वर पेन्सिल ठेवून बाबांपुढं धरली. "बाबा, परत लिहून द्याल का? ह्या खेपंला तुमच्याकडंच ठेवा. मी फक्त बघून जाईन."

बाबांनी प्रत हातात घेतली. छापलेलं वाक्य वाचलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग प्रत मिटून बाईंच्या मांडीवर ठेवली.

"तवा लिवलं ते काय काय हुईल त्येचं भ्या वाटत आसून लिवलं. आता खुर्चीत बसून लिवलं तर ते ते न्हवं. न्या ही."

परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही फाट्यावरच्या शेडमध्ये बसलो. बाईंचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

"बाई, सही माझी होती."

"ठाऊक हाय. सही काय, कुणाचीबी आसती." मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं वळल्या. "एकच सांगा. त्या प्रतीत काय हुतं, ते तुमाला म्हाईत हुतं का?"

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. "मग तुमचा दोष न्हाई. मी दाखवायला पायजे हुतं. मी किल्ली कमरंला लावून बसले." आणि माझ्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात गाडी आली.

बाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या. मला कायमची ऑर्डर मिळाली. दर रविवारी त्या मला घरी बोलवायच्या आणि उरलेल्या एकोणीस प्रती एकेक काढून समजावून द्यायच्या, कुठं काय बदललंय, कुठून आलंय, कुठं गेलंय. मी चुकलो तर पुन्हा सांगायच्या. भेटायला आलेल्या माणसाला माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "हे मन लावून करतात. आधी ह्यांना कुणी सांगितलंच नव्हतं." दोन वर्षांत त्या माझ्यावर एकदाही रागावल्या नाहीत. ज्या बाईनं तपासणीच्या साहेबाला सोडलं नाही, ती मला सोडत होती. माझं खोटं त्यांना खरंच वाटलं, की ते ओळखूनही त्यांनी मला सोडून दिलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. खरं वाटलं असेल तर मी त्यांना फसवलं. ओळखलं असेल तर त्यांनी मला मोकळं होण्याची एवढी एक संधीसुद्धा दिली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

शेवटच्या महिन्यातल्या एका रविवारी मी मुद्दाम, त्यांच्या डोळ्यांदेखत, चहानं भरलेला, बूड ओलं असलेला कप श्रीरामपूरच्या उघड्या पानावर ठेवला. कपाखालून तपकिरी गोल पसरायला लागला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. बाईंनी कप उचलला, पदरानं त्याचं बूड पुसलं आणि तो माझ्या हातात दिला.

"गार व्हतोय," त्या म्हणाल्या, "प्या."